पार्ट येत नाही!

माणसाला हताश करणारी वाक्यं आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. ‘साहेब आत्ताच जेवायला गेले’ हे त्यातलं एक. ते मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूनं बावीस वर्षं म्हणत आलो आहे, त्यामुळे त्याची ताकद मला ठाऊक आहे. ‘उद्या या’ हे दुसरं. पण या दोन्ही वाक्यांत आशेला थोडी जागा असते. साहेब कितीही जेवले तरी केव्हातरी हात धुतातच, आणि उद्या हा रोज उजाडतो. ज्यात आशेला सुई टेकवण्याएवढीही जागा नाही असं वाक्य मी २०२४ सालच्या श्रावणात ऐकलं. ते वाक्य म्हणजे, ‘त्याचा पार्ट येत नाही.’

या वाक्याचं व्याकरण बघा. पार्ट संपलाय असं म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. पार्ट महाग आहे म्हटलं असतं तर घासाघीस केली असती. पण ‘येत नाही’! जणू तो पार्ट म्हणजे अधिक महिन्यात रुसून बसलेला जावई आहे. कुठून येत नाही? का येत नाही? त्याला कुणी बोलावलं होतं का? पण प्रश्न विचारायला समोर माणूसच नव्हता. फोनवर एक गोड मुलगी होती, आणि ती पुढच्या वाक्यावर गेलीसुद्धा होती. ‘सर, पण आपल्यासाठी एक एक्स्चेंज ऑफर आहे.’

तर हे सगळं एका शेगडीवरून झालं.

शेगडी माझ्या आईची. विजेवर चालणारी, बंद कॉईलची, दीड हजार वॅटची, गोल खटक्याची. वडिलांनी २०११ साली दोन हजार रुपयांना घेतली होती. सिलिंडर ऐन पाहुण्यांत संपला तर अडायला नको, एवढाच तेव्हा हेतू होता. २०१६ मध्ये वडील गेले. पुढं २०२१ च्या आजारपणात आईची वास घेण्याची शक्ती गेली ती परत आली नाही, आणि गॅसचा वास न येणाऱ्या माणसाला पहाटे एकटीनं गॅसपाशी जाऊ द्यायचं नाही असा ठराव आमच्या घरात एकमतानं झाला. एकमतात आईचं मत धरलेलं नव्हतं. तेव्हापासून ती शेगडी आईच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर गेली. पहाटे साडेचारला खटक्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, मग भांड्याचा, मग कपबशीचा. शहात्तर वर्षांची बाई आपला चहा आपण करते, खिडकीत बसून पिते, आणि घर उठेपर्यंत तिचा तो तास तिचा असतो.

श्रावणातल्या एका पहाटे टक् झालं, पण पुढं काहीच झालं नाही.

आई काही बोलली नाही. सहा वाजता बायको उठली, तिनं चहा केला, आईला नेऊन दिला. आई म्हणाली, ‘अगं, कशाला तुला त्रास?’ या चार शब्दांत काय काय असतं हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना कळेल. दुसऱ्या दिवशी ती साडेचारलाच उठून दीड तास नुसती खिडकीत बसून होती. थर्मासमध्ये रात्री चहा भरून ठेवूया, ही सूचना मी केली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की शिळा चहा घेण्यापेक्षा ती मला दत्तक द्यायला तयार होती.

म्हणून मी फोन केला, आणि मला कळलं की पार्ट येत नाही, मॉडेल बंद झालंय, जुनी शेगडी दिली तर तीनशे रुपये सूट मिळेल आणि नवी तीन हजार एकशे नव्याण्णवला पडेल.

आता मी कॉमर्सचा पदवीधर आहे. इंजिनिअर लोक आमच्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला माहीत आहे. पण एक गोष्ट आम्हाला शिकवलेली असते, ती त्यांना नसते. आणि ती म्हणजे घसारा. वस्तू जुनी होते तशी तिची किंमत दरसाल वहीत कमी करायची. याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत दरवर्षी तेवढीच रक्कम उडवायची, म्हणजे ठरल्या वर्षी किंमत शून्य, वस्तू मेली. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्केवारीनं घसारा काढायचा. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीला साधारणपणे पंधरा टक्के दर लागतो तो याच रीतीनं. मी कागद घेतला. दोन हजारांची शेगडी, दर पंधरा टक्के, वर्षं तेरा. उत्तर आलं दोनशे बेचाळीस रुपये. म्हणजे सरकारी हिशेबानंसुद्धा आईची शेगडी जिवंत होती! आणि या दुसऱ्या रीतीची गंमत अशी आहे की तिच्यात किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. शंभर वर्षं गेली तरी काहीतरी उरतंच. हे बी.कॉम.च्या वर्गात ऐकलं तेव्हा मला निव्वळ गणित वाटलं होतं. आता वाटतं, एखाद्या संतानं लिहावं तसं ते वाक्य आहे.

माझं भांडण आहे ते पहिल्या रीतीशी. कुणीतरी कुठल्यातरी कचेरीत बसून ठरवतो की या शेगडीचं आयुष्य इतकी वर्षं, त्यानंतर तिला पार्ट नाही. शेगडी माझ्या घरातली, पैसे माझ्या वडिलांचे, आणि मरणाची तारीख ठरवणार हा! बरं, हे नवीन नाही. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठमोठ्या दिवे करणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं, की आपला बल्ब हजार तासच टिकला पाहिजे. त्याआधी काही बल्ब दीड-दोन हजार तास चालत. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! म्हणजे चांगलं काम केल्याबद्दल दंड ही कल्पना आमच्या बँकेनं काढलेली नाही, ती जुनी आहे.

इथं कुणीतरी म्हणेल, की झालं, आता हे गृहस्थ ‘आमच्या वेळी’ सुरू करणार. करतो, पण प्रामाणिकपणे करतो.

माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, आमच्या डोंबिवलीच्या चाळीत उघड्या कॉईलची शेगडी होती. पांढऱ्या भाजक्या मातीच्या तबकडीत नागमोडी खाच, आणि त्या खाचेत स्प्रिंगसारखी तार. ती तार निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. तापली की तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साईडचा पातळ थर धरतो आणि तोच थर तिला आतून जळू देत नाही. तरी ती कधीतरी तुटायचीच. मग वडील रविवारी नवी कॉईल आणत आणि दोन्ही हातांनी ताणत. ती सगळीकडे सारखी ताणली गेली पाहिजे. कुठं वेटोळी दाट राहिली तर तिथंच जास्त तापते आणि पुन्हा तिथंच तुटते. चाळीतले काही महाभाग तुटलेली तार एकमेकींत अडकवून वेळ मारून नेत. तार आखूड झाली की विजेला अडथळा कमी आणि उष्णता जास्त. त्यामुळे त्यांचं दूध लवकर उतू जाई, आणि फ्यूज सगळ्या मजल्याचा जाई.

पण आम्ही दुरुस्त करत होतो ते काही फार थोर होतो म्हणून नव्हे. नवीन मिळत नव्हतं म्हणून. गॅसच्या नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, रॉकेल रेशनकार्डावर मिळे. त्या दिवसांवर मला आरती ओवाळायची नाही. आजची इंडक्शन शेगडी त्या उघड्या तारेपेक्षा कितीतरी कमी वीज खाते आणि पुष्कळ सुरक्षित आहे, हे मी लिहून द्यायला तयार आहे. माझं म्हणणं एवढंच, की तेव्हा दुरुस्ती ही सक्ती होती आणि आज फेकणं ही सक्ती आहे. मधे कुठंतरी आपल्याला निवड मिळायला हवी होती. ती कुणी घेतली?

इंडक्शनवरून आठवलं. तीही आमच्याकडे होती. २०१९ ला आणली, २०२२ ला गेली. आतल्या ऊबेला एक झुरळ राहायला आलं आणि त्यानं सर्किटवर देह ठेवला. तपासायला आलेल्या तरुणानं झाकण उघडलं, झुरळ पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘बोर्ड गेला.’ झुरळाबद्दल तो काही बोलला नाही. बोर्ड एकवीसशे रुपये, नवी शेगडी चोवीसशे. त्या बोर्डावरचा एखादाच सुटा भाग बदलता येतो का, असं मी विचारलं. तो हसला. डॉक्टरला ‘नखच तेवढं दुखतंय’ म्हणावं आणि त्यानं ‘माणूसच बदला’ म्हणावं, तसं ते हसणं होतं.

या खेपेला मात्र मी हट्टाला पेटलो. शेगडीची पिन सॉकेटातून काढली, शेगडी गार झाली याची खात्री केली, ती पालथी घातली, आणि वडिलांचा पेचकस घेऊन बसलो. तळाला चार स्क्रू. तीन साधे, चौथ्यावर कागदाची चकती: ‘ही फाडल्यास वॉरंटी रद्द.’ वॉरंटी संपून बारा वर्षं झाली होती, तरी ती चकती फाडताना माझा हात थरथरला. बँकेतल्या माणसाला सील तोडणं जमत नाही. आणि चकतीखाली काय, तर तीन कोपऱ्यांचं डोकं असलेला स्क्रू! तो आमच्या घरातल्या एकाही पेचकसाला दाद देईना. मला त्या स्क्रूचा जो राग आला तो कर्ज बुडवणाऱ्यांचासुद्धा कधी आला नाही. अहो, स्क्रू ही वस्तू उघडण्यासाठी असते. उघडायचंच नसेल तर खिळा मारावा. हा स्क्रू मग कोणापासून राखण करत होता? चोर काही शेगडीच्या पोटात शिरत नाही. तो राखण करत होता ती माझ्यापासून, म्हणजे मालकापासून!

कोपऱ्यावरच्या दुकानात अडीचशे रुपयांना पेचकसाचा संच मिळाला, त्यात तीन कोपऱ्यांचं टोक होतं. हा खर्च मी शेगडीच्या नावावर टाकलेला नाही. हत्यार हा भांडवली खर्च आहे; पुढच्या पिढीला उपयोगी पडेल.

शेगडी उघडली, आणि मला पहिला धक्का बसला. विजेचा नव्हे. आत काही नव्हतंच! एक कॉईल, एक खटका, तीन वायरी आणि एक दिवा. एवढ्या गोष्टीसाठी चकती, तिकोनी स्क्रू आणि गोड आवाजाची मुलगी! कॉईलचं एक टोक जळून काळं पडून गळालं होतं. त्याला जोडलेल्या वायरीचं आवरण करपून पापडासारखं झालं होतं. खटक्याची एक पट्टी वितळल्यागत दिसत होती. आमच्या शाखेचा शिपाईसुद्धा हे पाहून म्हणाला असता, की हे तीन बदला.

हे झालं कशानं, तेही तिथंच कळलं, आणि तिथं मला थोडं गप्प बसावं लागलं. दीड हजार वॅट भागिले दोनशे तीस व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. आईच्या खोलीत जाड पिनेचं सॉकेट नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणीतरी एक कन्व्हर्टर आणून ती शेगडी सहा अँपिअरच्या बारीक सॉकेटात बसवून दिली होती. ढिली जोडणी तापते, तापली की आणखी ढिली होते, आणि असं करत करत एक दिवस जळते. शेगडीच्या आतलं टोक आपोआप ढिलं झालं असेल. पण कन्व्हर्टरची पिनसुद्धा काळी पडली होती, आणि तो कन्व्हर्टर आणणारा ‘कुणीतरी’ मीच होतो. कंपनीवर एवढा लेख लिहायला बसलेला माणूस! असो. जमाखर्च दोन्ही बाजूंनी लिहायचा असतो.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी लोहार चाळीत गेलो. मुंबईकरांना सांगायला नको. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची पंढरी. मी जळकी कॉईल पिशवीतून काढून एका दुकानदारापुढे धरली. त्यानं ती उलटसुलट केली, दोन टोकांमधलं अंतर बोटांनी मोजलं आणि विचारलं, ‘दीड हजार?’ म्हटलं, हो. त्यानं मागं न बघता हात वर केला आणि खोक्यातून तशीच कॉईल काढून दिली. तीनशे चाळीस रुपये. खटका एकशे दहा. उष्णता सोसणारी वायर, तिच्यावर चढवायचे स्लीव्ह आणि टोकांना लावायचे लग मिळून पंचाऐंशी. नवा जाड पिनेचा प्लग पंचाण्णव. वडापाव दोन, चाळीस. एकूण सहाशे सत्तर.

‘त्याचा पार्ट येत नाही म्हणतात,’ मी भीत भीत म्हटलं.

‘कोण म्हणतो?’ तो म्हणाला. ‘आपण बोलवत नाही, साहेब. म्हणून येत नाही.’

हा मनुष्य तत्त्वज्ञ आहे आणि गल्ल्यावर बसलेला आहे, यातच आपल्या देशाचं सगळं आलं.

आमच्या शाखेत मी ही हकीकत सांगितली तेव्हा विरोधी पक्ष लगेच उभा राहिला. हेडकॅशियर म्हणाले, ‘अर्धी रजा, दोन तासांची खटपट, तुझ्या वेळेची किंमत धर. नवी शेगडी स्वस्त पडली असती.’ हा मुद्दा हल्ली सुशिक्षित लोक फार वापरतात. पण मी त्यांना विचारतो, रविवारी दुपारी मला ताशी पगार कोण देतो? त्या दोन तासांत मी काय करणार होतो हे मला आणि आमच्या सोफ्याला माहीत आहे. वेळेची किंमत फक्त हातानं काम करतानाच कशी आठवते? चार तास क्रिकेट बघताना कुणी व्हाउचर लिहीत नाही. दुसरे एक म्हणाले, नवीन माल खपला नाही तर कारखाने कसे चालणार? म्हणजे कारखाने चालावेत म्हणून माझ्या आईनं दर पाच वर्षांनी शेगडी मारायची! मग औषधाचे कारखाने चालावेत म्हणून आजारी पडा, एवढंच सांगायचं राहिलं.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या बायकोचा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ती म्हणाली, ‘अहो, वीज आहे ती. पासबुक नव्हे. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी लाल शाईनं दुरुस्त करता येणार नाही.’

मी म्हटलं, ‘सगळं बघून करतोय.’

रविवारी मी सगळं बघून केलं. कॉईल बसवली, खटका बसवला, लग पकडीनं घट्ट दाबले, स्लीव्ह चढवले. शेजारच्या इंजिनिअरांकडून मीटर आणला होता. कॉईलच्या दोन टोकांना लावला, आकडा पस्तीसच्या आसपास आला. दोनशे तीसचा वर्ग भागिले पंधराशे, बरोबर पस्तीस ओहम! मला इतका आनंद तर ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळला तेव्हाही झाला नव्हता. तळ बसवला, स्क्रू पिळले, आणि विजयी मुद्रेनं शेगडी उचलून आईच्या टेबलावर ठेवली.

आई चष्मा लावून जवळ आली. तिनं आधी शेगडीकडे पाहिलं, मग खाली, जिथं मी बसलो होतो तिथल्या पसाऱ्याकडे, आणि विचारलं, ‘अरे, हिरवी कुठं लावलीस?’

‘कुठली हिरवी?’

‘हिरवी वायर. हे नेहमी म्हणायचे, हिरवी आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी सोडायची. मी हातात बॅटरी धरून उभी असायची ना त्यांच्यापाशी. तू काय जोडलंस ते मला कळणार नाही, पण हिरवी जोडताना मी तुला पाहिलं नाही.’

मी शेगडी पालथी केली. चारही स्क्रू पुन्हा काढले. हिरवी वायर आत एका कोपऱ्यात, मी ‘नंतर बघू’ म्हणून दुमडून ठेवली होती तशीच दुमडलेली होती. तिचा लग पत्र्याच्या अंगाला लागलेलाच नव्हता.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बंद कॉईलमध्ये तापणारी तार एका नळीत असते आणि नळी व तार यांच्यामध्ये पांढरी पावडर ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साईडची. ती उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण ती ओल धरते. कधी ओल धरली किंवा नळी चिरली, की वीज बाहेरच्या पत्र्यावर येते. हिरवी वायर जोडलेली असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. नसेल, तर ती वाट बघत बसते. कुणाची? पहाटे साडेचारला ओल्या हातानं भांडं उचलायला येणाऱ्या माणसाची. तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन लांब असते ती याचसाठी. सॉकेटात ती आधी शिरते आणि शेवटी बाहेर येते. माझ्या वडिलांचं वाक्य त्या पिनेत लिहिलेलं होतं. मी ती पिन जन्मभर पाहिली होती, वाचली नव्हती.

मी हिरवी जोडली. मग मीटरचं एक टोक प्लगच्या लांब पिनेला आणि दुसरं शेगडीच्या पत्र्याला लावून पाहिलं, तिथं अडथळा जवळजवळ शून्य हवा. आला. मग उरलेल्या दोन पिना आणि पत्रा, तिथं खटका चालू ठेवूनही काही लागता कामा नये. लागलं नाही. हे सगळं आधी करायला हवं होतं. माझे हात गार पडले होते. बायको दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बघा, म्हणूनच कंपन्या तिकोनी स्क्रू लावतात! मी या मुद्द्यावर बरेच दिवस विचार केला. आणि माझं मत उलट पक्कं झालं. त्या तिकोनी स्क्रूनं मला थांबवलं नाही, फक्त अडीचशे रुपयांनी मागं टाकलं. मला थांबवलं ते आईनं. कारण तिला माहीत होतं. माहिती लपवून माणूस सुरक्षित होत नसतो, तो फक्त अडाणी होतो, आणि अडाणी माणूस वीज सुरू असताना चमचा घालतो. जुन्या रेडिओंच्या पाठीवर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. त्याच जागी आता ‘उघडू नका’ असं लिहिलेलं असतं. ‘उघडाल तर आधी पिन काढा, आणि हिरवी विसरू नका’ असं लिहिलं असतं तर शाई तेवढीच लागली असती.

आणि मी काही जगावेगळं मागत नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे, की कपडे धुण्याच्या यंत्राचे ठराविक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत, फ्रिजचे सात वर्षं, आणि ते सर्वसाधारण हत्यारांनी बदलता आले पाहिजेत. म्हणजे तिकडे तिकोनी स्क्रूला कायद्यानं तंबी आहे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा विचार करायला समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनाला, त्याचं पोर्टलही उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या आणि घरगुती उपकरणं अशी चार खाती त्यात आहेत. चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे पोर्टलवर दिवसभर बसणाऱ्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको.

तेव्हा एक सामान्य ग्राहक म्हणून माझ्या मागण्या तीन. एक, जी वस्तू विकाल तिचे झिजणारे भाग दहा वर्षं विका, आणि त्यांची किंमत खोक्यावर छापा. दोन, स्क्रू माणसाच्या पेचकसानं फिरेल असा लावा. तीन, झाकणाच्या आत नकाशा चिकटवा, आणि त्यात हिरवी वायर हिरव्याच शाईनं काढा. यातलं काही जमत नसेल तर वस्तूवर मरणाची तारीख छापा. औषधाच्या बाटलीवर छापता तशी. म्हणजे माझ्या वडिलांनी २०११ साली ती वाचली असती आणि दुसरी शेगडी घेतली असती.

तोवर ज्यांना येतं त्यांनी स्वतः करा. ज्यांना येत नाही त्यांनी वायरमनला बोलवा आणि त्याच्याजवळ बॅटरी धरून उभे राहा. फेकायची घाई मात्र करू नका.

पुढच्या आठवड्यात वायरमन बोलावून मी आईच्या खोलीत सोळा अँपिअरचं सॉकेट, त्याला साजेशी जाड वायर आणि अर्थिंग करून घेतलं. त्याला आठशे रुपये लागले. हेडकॅशियरांनी लगेच बेरीज केली आणि म्हणाले, ‘बघ, नव्या शेगडीच्या जवळ आलास की नाही?’ मी त्यांना सांगितलं, की साहेब, ते सॉकेट नव्या शेगडीलाही लागलंच असतं. त्यांनी पुन्हा बेरीज केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग होती. साडेचार झाले. टक्. मी श्वास धरून पडलो होतो. मग भांड्याचा आवाज, थोड्या वेळानं कपबशीचा. बायकोही जागी होती हे मला तेव्हा कळलं, कारण ती हळूच म्हणाली, ‘झोपा आता.’

मी झोपलो नाही. उठून आईच्या खोलीत गेलो. ती खिडकीत बसली होती. मला पाहून म्हणाली, ‘एवढ्या लवकर? बस, अर्धा कप आहे.’

वहीत त्या शेगडीची किंमत दोनशे बेचाळीस रुपये आहे. पुढच्या वर्षी दोनशे सहा होईल. मी दरसाल मांडणार आहे.